मोजपट्टीचं दुसरं टोक

आमच्या धाकट्याला घरात सगळे मोजणीदार म्हणतात. हे नाव त्याच्या ताईने ठेवलं. तो तेव्हा अकरा वर्षांचा होता आणि त्याने बाबांच्या हत्यारांच्या पिशवीतून पाच मीटरची स्टीलची टेप काढून घेतली होती. त्याचे बाबा खिडक्या बसवण्याचं काम करतात. टेपशिवाय त्यांचं पान हलत नाही. दोन दिवस त्यांनी ती शोधली, मग ती कुठे आहे ते दिसलं, मग नवी आणली. "घरात आता दोन कारागीर झाले," एवढंच म्हणाले.

आज तो एकोणीस वर्षांचा आहे. उंची एकशे शहाऐंशी सेंटीमीटर. हा आकडा अंदाजाने लिहीत नाही. दर महिन्याच्या एक तारखेला तो आम्हाला स्वयंपाकघराच्या चौकटीला पाठ लावून उभं करतो आणि मोजतो. गेल्या वर्षी मला म्हणाला, "आई, एक कमी."

"अरे, नीट उभी नसेन मी."

त्याने पुन्हा मोजलं. "एक कमी."

त्याच्याशी हुज्जत घालण्यात अर्थ नसतो. शिवाय तो चुकत नाही.

तो चार वर्षांचा असताना डॉक्टरांनी स्वमग्न हा शब्द सांगितला. तोवर तो एक अक्षर बोलला नव्हता. बोलला तो पाचव्या वर्षी. बाबा आमच्याच घराची खिडकी बसवत होते, हा शेजारी उभा राहून बघत होता, आणि एकदम म्हणाला, "तिरकी." बाबांनी लेव्हलची नळी लावून पाहिली. खरंच तिरकी होती. इतर आयांसारखी मीही पहिला शब्द 'आई' असेल म्हणून कान लावून बसले होते. पण त्याच्या बाबांचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला, आणि मला हेवा वाटायचाही राहून गेला.

त्याला शब्द कमी लागतात. आकडे पुष्कळ लागतात. घरात काही बदललं, पाहुणे आले, शाळेला अचानक सुट्टी लागली, नवं कपाट आलं, की तो मोजायला लागतो, आणि सगळं होतं तेवढंच आहे अशी खात्री होईपर्यंत थांबत नाही. सगळ्यात जास्त दारं. रोज पहाटे चार वाजता उठून तो घरातली पाचही दारं मोजतो. उंची, रुंदी, पुन्हा उंची. टेपच्या टोकाला आकडी असते, ती दाराच्या कडेला छान अडकते. पण मोजणीदाराला ते मान्य नाही. दुसरं टोक माणसाने धरायचं.

हे माणूस म्हणजे मी. त्याच्या बाबांना सहाला शिडीवर चढायचं असतं, त्यांची झोप मोडून चालत नाही. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. अर्धवट झोपेत माझ्या हातून फार तर एखादा अनुस्वार सुटेल, कोणी तिसऱ्या मजल्यावरून पडणार नाही. सहा वर्षं हे चाललंय. टोक धरून मी डोळे मिटून घेते. त्याला चालतं. टोक हललेलं चालत नाही.

दीड वर्षापूर्वी मला ताप आला होता. आठ दिवस बाबांनी टोक धरलं. नवव्या दिवशी त्यांनी एका दवाखान्याच्या खिडकीची काच दोन सेंटीमीटर लहान कापून आणली. तीस वर्षांत पहिल्यांदा. घरी येऊन बूट न काढता खुर्चीवर बसले.

"मालक काय म्हणाले?" मी विचारलं.

"काही नाही. हसले. म्हणाले, म्हातारा झालास."

मोजणीदार शेजारीच होता. "दोन कमी," तो म्हणाला.

"हो बाबा. दोन कमी," ते म्हणाले.

त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा उघडपणे बोललो, की हे आपल्याच्याने कायम होणार नाही. इतकी वर्षं दोघांनाही ठाऊक होतं, पण बोलून दाखवलं असतं तर ते खरं झालं असतं.

मोजणीदाराची शाळा एकोणिसाव्या वर्षी संपते. वर्षाच्या सुरुवातीलाच त्याच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई कडक आहेत, पण त्याला समजून घेतलेलं पहिलं बाहेरचं माणूस त्याच. शाळेच्या सुतारकामाच्या टेबलावर त्यांनी त्याला उभं केलं आणि फळ्या मापात कापायला शिकवलं.

"हे बघा," बाई म्हणाल्या, "हा घरी बसला तर वर्षभरात जे आलंय तेही जाईल. निवासी कॉलेज बघा. तिथे काम शिकवतात, राहायला शिकवतात. एक जागा मिळायला वर्ष जातं, तेव्हा आजपासून लागा."

"तो माझ्याशिवाय राहील?"

"तो राहील हो," बाई म्हणाल्या आणि पुढचं बोलल्या नाहीत.

लागले. सुट्टी काढायची, बसने जायचं, लाकडी बाकावर बसायचं. पहिल्या कॉलेजात मोजणीदाराने खोलीत पाऊल ठेवताच पलंगाला टेप लावली आणि म्हणाला, "एकशे ऐंशी. कमी." दाखवायला आलेले गृहस्थ म्हणाले, "आमची मुलं तक्रार करत नाहीत." ही तक्रार नव्हती, ते माप होतं, पण हे त्यांना कोण सांगणार. पंधरा दिवसांनी नकार आला, कारण त्याला 'संवाद साधता येत नाही'. दुसऱ्या कॉलेजाने सांगितलं की त्याला बरंच काही येतं, त्यांच्याकडे याहून जास्त गरजेची मुलं रांगेत आहेत. म्हणजे एकीकडे कमी पडला आणि दुसरीकडे जास्त झाला. तिसऱ्या ठिकाणी जागाच नव्हती. ती नाही हे फोनवर सांगितलं असतं तर आमचे सहा तास वाचले असते.

शाळेच्या बाहेरच्या बाकावर मला जुळ्यांची आई भेटते. तिची दोन्ही मुलं आमच्या मोजणीदाराहून मोठी, दोघांनाही जागा मिळालेली. या कामात ती पुरती मुरलेली आहे. मी माझा कागद तिला दाखवला. प्रत्येक ठिकाणी पालकांचं निवेदन मागतात, मुलगा कसा आहे ते आपल्या शब्दांत.

तिने दोन ओळी वाचल्या आणि परत केला. "दोन्हीकडे हेच पाठवणार आहेस?"

"दोन्हीकडे म्हणजे?"

"सरकारी ऑफिसला पण हेच आणि कॉलेजला पण हेच?"

"मुलगा तर एकच आहे."

"अगं ए शहाणे," ती म्हणाली, "ऑफिसला सगळ्यात वाईट दिवस लिहायचा. नाहीतर ते म्हणणार, चांगला तर आहे, ठेवा घरी. निवासी जागेची मंजुरी देणार नाहीत. आणि कॉलेजला सगळ्यात चांगला दिवस लिहायचा. नाहीतर ते म्हणणार, हा आमच्याने झेपायचा नाही. मंजुरीचं पत्र नसलं तर कॉलेज घेत नाही, आणि कॉलेजने हो म्हटलं नाही तर मंजुरीचा उपयोग नाही. दोन फाइली कर. आम्ही सगळ्यांनी केल्यात."

"हे खोटं होईल ना?"

"एक शब्द खोटा लिहू नकोस. फक्त अर्धा मुलगा इकडे पाठव, अर्धा तिकडे."

चौथं कॉलेज बसने दोन तासांवर होतं. तिथे सुतारकाम होतं. आम्ही जाऊन पाहिलं, तर पलंग दोनशे सेंटीमीटरचे. मोजणीदार म्हणाला, "चौदा जास्त," आणि त्या पलंगावर बूट काढून आडवा झाला. परक्या ठिकाणी आडवा झालेला मी त्याला पहिल्यांदा पाहिला. दोनच जागा रिकाम्या होत्या. अर्ज तिथेच भरून दिला, निवेदन टपालाने पाठवा म्हणाले. ऑफिसचंही तसंच, अर्ज दिलेला, निवेदन बाकी.

मी दोन निवेदनं लिहिली. चांगल्या दिवसाची चार पानं झाली. स्वतःचे कपडे स्वतः घालतो, वस्तू नीटनेटक्या ठेवतो, एकदा दाखवलेलं काम विसरत नाही, वेळ पाळतो, मापात कापलेली त्याची फळी परत कापावी लागत नाही. सगळं खरं.

वाईट दिवसाची अकरा झाली. न्हाणीघरातली फरशी बदलली तेव्हा नऊ दिवस त्याने अंघोळ केली नाही, आणि दहाव्या दिवशी मी ओढलं तर माझ्या मनगटाला चावला. वण अजून आहे. बाजारात त्याने एका अनोळखी बाईच्या पाठीला टेप लावली आणि तिच्या नवऱ्याने याच्या मुस्कटात मारली. त्याला का मारलं हे समजलं नाही, पण त्यानंतर सात महिने तो त्या रस्त्याने गेला नाही. पहाटेचे चार लिहिले, पाच दारं लिहिली. अकराव्या पानावर मी कुणी विचारलं नव्हतं तेही लिहिलं. एका पहाटे मी टोक सोडलं, त्याच्या हातातून टेप घेतली आणि खिडकीतून बाहेर फेकली. तो ओरडला नाही. खिडकीशी उजाडेपर्यंत उभा राहिला. बाबांनी खाली जाऊन झुडपातून ती शोधून आणली. मी त्याच्यापुढे धरली, तर त्याने ती पुसली आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं.

हे पान कशासाठी लिहिलं मला सांगता येणार नाही. ऑफिसातल्या कुणाला तरी वाटावं की ही बाई दमली आहे, बस.

दोन्ही निवेदनं टेबलावर ठेवली. कॉलेजला त्याचा फोटो हवा होता, तो दुमडू नये म्हणून मी पुठ्ठा घातलेला मोठा लिफाफा आणला होता. ऑफिससाठी घरात होता तो साधा लांबट लिफाफा. पत्ते लिहिले. प्रत्येक लिफाफ्यावर त्याचं त्याचं निवेदन ठेवलं. आत ठेवणार एवढ्यात छापखान्यातून फोन आला. कुठल्याशा पुस्तकात पानांचे आकडे उलटसुलट झाले होते, आणि मी आतल्या खोलीत जाऊन त्यांना आकडे सांगत बसले.

परत आले तर दोन्ही लिफाफे बंद. मोजणीदार लिफाफे फार सुंदर चिकटवतो, एकही सुरकुती पडत नाही. शाळेत ते काम त्याचंच असतं.

"जाड जाडात," तो म्हणाला. "पातळ पातळात."

"शाबास," मी म्हटलं आणि टपालपेटीकडे गेले.

दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो. तरी त्या दिवशी माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. त्याने काहीतरी आपणहून केलं होतं आणि माझं एक काम कमी झालं होतं. पुढे विचार करायची ताकद नव्हती.

तीन आठवड्यांनी ऑफिसचं पत्र आलं. 'सदर विद्यार्थी दैनंदिन व्यवहारात पुरेसा स्वावलंबी असून, स्वतःच्या वस्तू नीटनेटक्या ठेवतो व वेळ पाळतो, असे पालकांच्या निवेदनावरून दिसते. सबब निवासी सोयीची आवश्यकता आढळून येत नाही.'

मी ते उभ्या उभ्या वाचलं. नीटनेटक्या. वेळ पाळतो. हे शब्द माझे होते, पण ते त्यांच्याकडे गेलेच कसे? मग आठवलं. जाड जाडात.

म्हणजे अकरा पानं कॉलेजला गेली होती. चावा, मुस्कटात, खिडकी, सगळं. मी आधी त्याच्याकडे बघितलं. तो बशीतला बटाटा सारख्या फोडींत कापत होता. त्याला काय बोलणार. त्याने अकरा पानं अकरा पानांच्या जागेत ठेवली होती.

ताईला फोन केला. ती दुसऱ्या शहरात परिचारिका आहे. ऐकून तिला हसू आवरेना.

"हसतेस काय?"

"आई, अख्ख्या घरात एकच माणूस अचूक काम करतं, आणि तू त्याच्याकडे पाकिटं सोपवून गेलीस."

"वर्ष वाया गेलं गं."

"कॉलेजचं उत्तर आलंय का?"

"आता काय यायचंय."

"ते येऊ दे. मग रड."

कॉलेजातून फोन आला चार दिवसांनी. तिथल्या प्रमुख मॅडमनी एकट्या आईला बोलावलं होतं. बसमध्ये दोन तास मी माफीची वाक्यं जुळवत होते. प्रमुख मॅडम जाडजूड, आवाज बसलेला, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. माझी अकरा पानं त्यांच्या टेबलावर होती. त्यांनी पेन्सिलीने जागोजागी खुणा केल्या होत्या, छापखान्यात मी करते तशाच.

"हे इकडे यायचं नव्हतं," मी म्हटलं.

"ते कळलं मला. कुणीच आम्हाला असं पाठवत नाही." त्यांनी पानं उलटली. "आमच्याकडे येणारं प्रत्येक मूल कागदावर अगदी गुणी असतं. पहिल्या रात्री आम्ही बॅटरी घेऊन त्याला शोधत फिरतो. मग घरी फोन केला की आई म्हणते, हो, ते सांगायचं राहिलं."

त्यांनी एका खुणेवर बोट ठेवलं.

"पहाटे चार म्हणजे चारच? की मागेपुढे?"

"चारच. फार तर पाच मिनिटं."

"टोक कुणीही धरलं तर चालतं?"

"माहीत नाही," मी म्हटलं. "मी आणि त्याचे बाबा, एवढेच धरतात. दुसऱ्या कुणाला कधी धरू दिलं नाही." आणि मग जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलले, "त्याने की आम्ही, तेही आता आठवत नाही."

मॅडम पेन्सिलीने टेबलावर टकटक करत राहिल्या. "रात्रपाळीला आमचे एक काका असतात. पूर्वी कारखान्यात पहारेकरी होते. चारला ते जागेच असतात, त्यांना काही काम हवंच असतं. तीन रात्री पाठवा त्याला, बघू."

"आणि अकरावं पान?"

"ते वाचलं." त्यांनी पानांचा गठ्ठा बंद केला. "दारं आमच्याकडे एकोणीस आहेत हो. ते आधी काकांना सांगायला हवं."

तीन रात्री तो तिथे राहिला. काय झालं ते मला फोनवर तुकड्यातुकड्याने कळलं. पहिल्या पहाटे त्याने काकांना टोक दिलं नाही. एकटाच दारापुढे दोन्ही हातांत टेप धरून उभा राहिला, साडेपाचपर्यंत. काकाही उभे राहिले. दुसऱ्या पहाटे तसंच, पण काकांनी बसायला खुर्ची आणली होती, स्वतःसाठी. तिसऱ्या पहाटे पाच दारं झाली, घरी असतात तेवढीच. सहाव्या दाराशी त्याने टेप खिशात घातली आणि जाऊन झोपला.

कॉलेज हो म्हणालं. आता ऑफिस.

तिथे खिडकीतल्या बाईने मला तीनदा परत पाठवलं. चौथ्या वेळी मी जागची हलले नाही, तेव्हा आतल्या अधिकाऱ्यांकडे सोडलं. चष्मा कपाळावर चढवून ते माझा अर्ज शोधत होते, चष्माही शोधत होते.

"डोक्यावर आहे," मी म्हटलं.

त्यांनी तो खाली ओढला आणि चार पानं वाचली. "अहो ताई, या कागदावरून तर मुलगा उद्या नोकरीला लागेल."

"तो कागद कॉलेजसाठी होता. तुमच्यासाठीचा कॉलेजला गेला." मी अकरा पानांची नक्कल पुढे केली.

त्यांनी तीही वाचली. मधे शिपायाने दोनदा डोकावून पाहिलं. वाचून झाल्यावर त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"यातला खोटा कुठला?"

"कुठलाच नाही."

"मग तुम्हाला मुलं किती? दोन?"

"मुलगा एकच. एक मुलगी आहे, ती..."

"मुलीचं नाही विचारत. इथे मला दोन मुलगे दिसताहेत. एकाला कशाची गरज नाही, दुसऱ्याला कुणी ठेवून घेणार नाही. मी मंजुरी कुणाला देऊ?" ते रागावले नव्हते. माझ्यासारखेच दमलेले दिसत होते, टेबलावर फाइलींची उतरंड होती. "सगळेच असं करतात, मला काय माहीत नाही का? तुमची अदलाबदल झाली म्हणून उघडं पडलं. एकच निवेदन आणा. दोन्ही त्यात असू द्या. सोमवारी फेरविचाराची बैठक आहे."

तो शुक्रवार होता. तीन रात्री मी जेवणं आवरल्यावर टेबलाशी बसून लिहीत होते. आधी वाटलं सोपं आहे, चार आणि अकरा पंधरा. ते तसं जुळेना. चांगलं आधी लिहिलं की मागून आलेलं वाईट ते पुसून टाकायचं. वाईट आधी लिहिलं की चांगलं केविलवाणं दिसायचं. शेवटी मी एकच दिवस लिहायला घेतला. चारला उठतो, पाच दारं मोजतो, आई टोक धरते, तिला झोप येते. सहाला आपल्या हाताने कपडे घालतो. न्हाणीघरातली फरशी बदलली असेल तर अंघोळ करत नाही. शाळेत फळी कापतो, ती मापात असते. वाटेत कुणी पाठमोरं उभं असलं तर सोबत असणाऱ्याने त्याचा हात धरायला हवा. संध्याकाळी लिफाफे दिले तर उत्तम चिकटवतो, पण आत काय जातंय ते आपण बघायला हवं. पहाटेच्या टेपची गोष्टही राहू दिली. सहा पानं झाली.

बाबांना वाचायला दिलं. ते छापलेल्या अक्षराचे गिऱ्हाईक नव्हेत, बोट ठेवून सावकाश वाचतात.

"काच दोन कमी कापली, ते का लिहिलंस?"

"काढू?"

त्यांनी त्या ओळीवरचं बोट उचललं. "राहू दे," ते म्हणाले. "त्यालाही ठाऊक आहे."

मंजुरी आली, एका वर्षाची. वर्षानंतर पुन्हा निवेदन, पुन्हा बैठक. लोक अभिनंदन करतात तेव्हा मी हे एक वर्ष सांगत नाही.

सामान बांधायला ताई दोन दिवस आली होती. मी सहा टॉवेल घातले, मग आणखी दोन, मग औषधांची यादी तीन प्रतींत.

"आई," ती म्हणाली, "तू त्याला सोडायला चालली आहेस की स्वतः भरती व्हायला?"

मोजणीदाराने स्वतःचं सामान स्वतः भरलं. टेप, वही, दोन पेन्सिली. मग त्याने आम्हा तिघांना चौकटीपाशी उभं केलं. महिन्याची एक तारीख नव्हती, सव्वीस होती. तो तारीख मोडतो असं मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांचं झालं, ताईचं झालं. माझ्या डोक्यावर पट्टी ठेवून तो म्हणाला, "आई, तेवढीच."

कॉलेजात सोडताना तो मागे वळून बघेल असं मला वाटलं नव्हतं, आणि त्याने बघितलंही नाही. तो पलंगाची लांबी पुन्हा मोजत होता. प्रमुख मॅडमनी मला हाताला धरून फाटकापर्यंत आणलं, मोजणीदाराला आणावं तसं.

त्याला आता पाच आठवडे झाले. रविवारी आम्ही जातो. गेल्या रविवारी रात्रपाळीचे काका मुद्दाम थांबले होते, डोळे तांबारलेले. बारीक अंगाचे गृहस्थ आहेत.

"तुमच्या पोराने माझी झोप उडवली हो," मला म्हणाले.

"तुम्हाला तर झोपायचं नसतंच ना?"

"नसतं. पण आधी निदान झोप यायची." मग त्यांनी आवाज खाली आणला. "परवा मी टोक जरा हलवलं. मुद्दाम नाही, शिंक आली. तर तो थांबला. मी म्हटलं आता काय करतो. शिंक संपू दिली त्याने. मग पहिल्यापासून."

"किती दारं होतात?"

"अकरा झाली आता. बाकीची बघत नाही अजून."

माझी मात्र सवय गेलेली नाही. रोज चारला डोळे उघडतात. घर गप्प असतं, पाच दारं जिथल्या तिथे असतात, आणि कुणी ती मोजत नाही याची मला भीती वाटते. झोपायची मोकळीक आहे आणि झोप नाही. काल पहाटे कळलं की शेजारी हेही जागेच आहेत.

"चार वाजले," ते म्हणाले.

"हो."

"आज काकांची सुट्टी आहे ना?"

खरंच, रविवारी ते म्हणाले होते, पाच आठवड्यांतली पहिलीच सुट्टी. मी उठून बसले. मग आठवलं. कॉलेजलाही दिलेल्या सहा पानांमध्ये दुसऱ्या पानावर मी ते लिहिलंय, की टोक धरणारं माणूस बदलणार असेल तर आदल्या दिवशी त्याला सांगावं आणि नव्या माणसाला दाखवावं. प्रमुख मॅडमनी त्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. मी बघितली होती ती रेघ.

"दुसरं कुणीतरी असेल," मी म्हटलं. "लिहून दिलंय."

"नीट लिहिलंस ना?"

"नीट लिहिलंय."

ते कूस बदलून झोपले. मी थोडा वेळ बसून होते. मग मीही आडवी झाले.